राजुलकाकूंचा जीवांचा डबा

एखादी गोष्ट मेली, असं राजुलकाकूंनी म्हटलेलं मी एकदाच ऐकलं, आणि तेही त्या माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या होत्या. त्या वेळेबद्दल पुढे सांगणारच आहे, कारण ते लपवून काकूंविषयी काही लिहिण्याचा मला अधिकार नाही. एरवी हा शब्द त्या कशालाच लावत नसत. कुंडीतला मोगरा वाळून काडी झाला तरी "पाहू पंधरा दिवस" म्हणत त्याला पाणी घालत राहायच्या. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर "थांबलं हाय". आणि परातीत पाय वर करून पडलेला किडा दिसला, की ठरलेलं वाक्य यायचं, "मेलं म्हनाची घाई नोको करू. त्याच्यावरची आपली सावली काढ पह्यले."

वाशीमला त्या आमच्या शेजारी राहायच्या. दोन घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत होती आणि भिंतीच्या वरच्या कडेला एक डबा मावेल एवढी रुंदी. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. शिक्षण सातवीपर्यंत. जैन घर, बाजारात धान्याचं दुकान. नवरा गेल्यावर दुकान मुलगा आणि सून बघायचे आणि घरातलं, शिवाय ओळखीच्या चार बायकांचं, वर्षाचं धान्य निवडायचं काम काकूंकडे. चाळणीतून खाली पडलेला एकेक किडा त्या मोरपिसाने उचलून बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सोडत. डब्यात मूठभर ज्वारी, तोंडाला मलमलचं फडकं. त्याला सगळी गल्ली जीवांचा डबा म्हणायची. दर आठ दिवसांनी तो गावाबाहेरच्या एका बाभळीखाली, ज्वारीसकट, रिकामा व्हायचा.

"काकू, ते परत तुमच्याच पोत्यात येतील," मी एकदा म्हणाले होते.

"येऊ दे ना बाप्पा. ओळखीचे तर हाय," काकू म्हणाल्या.

आम्ही त्या गल्लीत राहायला आलो तेव्हा माझी मुलगी तन्वी आठ वर्षांची होती. माझ्या माहेराहून, जऊळक्याहून, वडिलांनी म्हणजे आबांनी ज्वारीचं पोतं पाठवलं होतं. उघडलं, तर सोंड्यांनी भरलेलं. काळपट, लांब नाकाचे हे किडे कुणाच्या घरात नसतात? मी अंगणात ज्वारी चाळली, खाली पडलेले किडे झाडूने गोळा केले आणि मोरीकडे लोटायला निघाले. तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला.

"मॅडम, जिते हाय ते."

मी कॉलेजात शिकवते ही बातमी आमच्या सामानाच्या आधी गल्लीत पोचली होती. मी म्हणाले, "मेलेत हो काकू. बघा ना, एकही हलत नाहीये."

"हलतीन कसे? तू झाडू घेऊन उभी हाय ना वरतं. सरक बरं जराशी. अन् तू बी इकडं ये वं पोरी, भितीपाशी."

मला त्या मॅडम म्हणत आणि तू म्हणत, शेवटपर्यंत. मी सरकले, ते मुख्यतः त्यांचं अज्ञान तन्वीसमोर उघडं पडावं म्हणून. आम्ही तिघी भिंतीपाशी उभ्या राहिलो. मिनिटभर काही नाही. मग ढिगाच्या कडेला एका सोंड्याचा पाय हलला. त्याने अंग उलटं केलं आणि तो चालू लागला. मग दुसरा, मग पाच-सात, मग सगळा ढीगच वाट फुटेल तिकडे निघाला. तन्वीने टाळ्या पिटल्या.

"याला थॅनॅटोसिस म्हणतात, बेटा," मी घाईघाईने म्हणाले. "शत्रू जवळ आला की काही प्राणी मेल्याचं सोंग घेतात. मेलेलं भक्ष्य पुष्कळ प्राणी खात नाहीत, म्हणून." माझं प्राणिशास्त्रात एमएस्सी झालंय, मी हे दरवर्षी वर्गात शिकवते. पण तन्वीचं लक्ष नव्हतं. जणू ते सगळे किडे काकूंनीच जिवंत केले, अशी ती त्यांच्याकडे बघत होती. माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते त्या दिवशी.

पुढे ते दुखणं रोजचं झालं. शाळेतून आली की दप्तर फेकून तन्वी भिंतीपलीकडे. काकू धान्य चाळत आणि ही मनगटावरचं घड्याळ बघून वहीत लिहीत बसे. सोंडा, पावणेदोन मिनिटं. हरभऱ्यातला भुंगेरा, चाळीस सेकंद. काकूंचा नियम एकच होता. मुद्दाम कुणाला पाडायचं नाही, बोट लावायचं नाही. चाळताना जो आपणहून पडेल त्याचीच वेळ मोजायची. मी एकदा तन्वीला सुचवलं, की टाचणीचं टोक हलकेच लावून बघ, दर वेळी सारखंच बळ लावलंस तर आकडे नीट येतील. प्रयोग असाच करतात. तन्वीने ते निरागसपणे काकूंना जाऊन सांगितलं. काकू भिंतीवरून माझ्याकडे बघून हसल्या.

"मॅडम, टाचनीनं तर मी बी निपचित पडन."

तन्वी खिदळली. मीही हसले, पण दात दाखवण्यापुरतीच.

आणखी एक गोष्ट मला झोंबायची. तन्वी "का?" ऐवजी "काहून?" म्हणायला लागली. मी स्वतः जऊळक्याची, मला काय काहून येत नाही? पण अकोल्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून "मले समजलं नाही" म्हणाले आणि सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर मी जीभ घासूनपुसून घेतली. माझ्या मुलीवर ती वेळ येऊ नये म्हणून घरात शुद्ध बोलायची शिस्त लावली. ती शिस्त भिंतीपलीकडे रोज दोन तास मोडली जात होती, आणि मोडताना माझी मुलगी इतकी बडबडायची, की ओट्यापाशी उभं राहून मला शब्दन् शब्द ऐकू यायचा. शाळेत कोणी चिडवलं, कोणाशी भांडण झालं, गणिताची भीती वाटते, सगळं. घरात आली की मी विचारायचे, "काय झालं आज शाळेत?" ती म्हणायची, "काही नाही." मी पुन्हा विचारायचे. ती मान खाली घालून गप्प. मी तिसऱ्यांदा विचारलं की भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडायची.

स्पष्टच लिहिते. मी जळत होते. साठीतल्या, सातवी शिकलेल्या, भाबड्या बाईवर एक नोकरीवाली बाई जळत होती.

सातवीत असताना तन्वीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मेल्याचं सोंग घेणारे प्राणी हाच विषय निवडला. मला वाटलं, आता गाडी आपल्या दारात आली. तीन रात्री बसून मी तक्ता केला. अमेरिकेतला ओपॉसम, जीभ बाहेर काढून उताणा पडणारा साप, रंगीत चित्रं, वर झोकदार अक्षरात शीर्षक. तन्वीने तो टेबलामागे लावला खरा, पण टेबलावर ठेवली स्वतःची वही. जिवंत किडे आणायला काकूंनी बंदी केली होती, म्हणून फक्त वही. परीक्षक आले, त्यांनी तक्त्याकडे नजरही टाकली नाही. वही चाळत म्हणाले, "हे तू स्वतः बघितलंस? मार्गदर्शक कोण?"

"राजुलकाकू," तन्वी म्हणाली.

"कोणत्या शाळेत शिकवतात त्या?"

"शाळेत नाही. आमच्या भिंतीपाशी."

सगळे हसले. चांगली साडी नेसून, तन्वीची पाण्याची बाटली हातात धरून मी शेजारीच उभी होते. दुसरा क्रमांक आला. प्रमाणपत्र घेऊन ती घरी आली ती थेट भिंतीकडे धावली. काकूंनी हात पुसले, पण कागद घेतला नाही. "आईले दाखवलं का? पह्यले आईच्या हातात दे, मंग मले." तन्वीने ते मला आणून दिलं. काकूंनी माझा मान राखला होता हे मला कळत होतं, आणि माझ्या घरातला माझा मान त्यांना राखावा लागतो, या विचाराने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तेव्हा मी हुकमाचा पत्ता काढायचं ठरवलं. आमच्या आबांनी तरुणपणी जऊळक्याच्या नाल्यापाशी स्वतःच्या डोळ्यांनी एक तडस, म्हणजे तरस, बघितलं होतं. गावच्या कुत्र्यांनी ते घेरलं, चावे घेतले, आणि तडस धाडकन पडलं, जीभ बाहेर. कुत्र्यांनी हुंगलं, ओढून बघितलं, कंटाळली, निघून गेली. मग तडस उठलं, अंग झटकलं आणि चालतं झालं. ही गोष्ट मी लहानपणी आबांकडून शंभरदा ऐकली होती. कुठे काकूंचे सोंडे आणि कुठे आमचं तडस! एप्रिलातला एक रविवार ठरवला. तन्वीला काहीच सांगितलं नाही. आबांच्याच तोंडून ऐकू दे, मग बघू भिंतीपाशी कोण जातं.

शनिवारी संध्याकाळी तन्वी म्हणाली, "आई, उद्या मी काकूंबरोबर शिरपूरला जाऊ? दर्शनाला. त्यांच्या घरचे सगळे चाललेत."

"उद्या आपण आबांकडे जातोय."

"आबांकडे पुढच्या रविवारी जाऊ ना. काकूले मी हो म्हटलं."

तिचे बाबा म्हणाले, जाऊ दे की. मीही जा म्हणाले. मूग गिळून बसण्यात मी तशी पटाईत आहे.

सकाळी सातला सगळे निघाले. निघताना काकू भिंतीपाशी आल्या. डबा भिंतीवर होता. खाली मुंग्या लागतात म्हणून सकाळी तो तिथे ठेवायच्या, आणि ऊन आलं की आपल्या जिन्याखाली सरकवायच्या. "मॅडम, बारा वाजले का डब्यावर ऊन येते. मले याले चार वाजतीन. तेवढा जिन्याखाली सरकवजो बाई. जीव हाय त्यात."

"हो काकू. निवांत जा."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी भाजी निवडत बसले. समोरच भिंत. बारा वाजले. उन्हाची कड सरकत सरकत डब्याच्या बुडाला लागली. मला उठून दहा पावलं जायचं होतं. मी उठले नाही. साडेबाराला अख्खा डबा उन्हात आला. आमच्याकडचं एप्रिलचं ऊन ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको, पत्र्याला हात लावला तर फोड येतो. मी शेपूची जुडी निवडून संपवली, मग लसूण सोलायला घेतला. लसूण त्या दिवशी लागणार नव्हता. एक वाजला, दोन वाजले. मी विसरले नव्हते, झोपले नव्हते, मला बरं वाटत नव्हतं असंही काही नव्हतं. मी बघत होते आणि उठत नव्हते.

चारला रिक्षा आली. काकूंनी डबा बघितला, पदराने धरून उचलला आणि जिन्याखाली नेऊन पांढऱ्या फडक्यावर ओतला. सोंडे, भुंगेरे, सगळे निपचित. तन्वी घड्याळ बघून उकिडवी बसली.

"उठतील ना काकू?"

"पाहू. सावली काढ."

दोघी मागे सरून बसल्या. पाच वाजले. साडेपाच वाजले. काकू सूर्य मावळायच्या आत जेवायच्या, मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. सुनेने दोनदा हाक मारली, काकू हलल्या नाहीत. भिंतीच्या या बाजूला मी उभी होते. आयुष्यात कधी किड्यासाठी देव आठवला नव्हता, त्या दिवशी आठवला. एक तरी उठू दे, म्हटलं. एकही उठला नाही. ऊन गेलं, काकूंचं जेवण राहिलं. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"मेले, मॅडम," त्या म्हणाल्या.

तन्वीही वळली. "आई, तू सरकवला होतास ना डबा?"

"सरकवणार होते गं. कामात डोळा लागला जरा," मी म्हणाले. काय बोलले तेही मला नीट कळलं नाही. कामात कुणाचा डोळा लागतो?

तन्वीने काकूंकडे बघितलं. "काकू?"

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि हात जोडले. त्यांनी मौन घेतलं होतं, उद्या सूर्य उगवेपर्यंत. व्रताची बाई, खोटं बोलायची नाही आणि पोरीसमोर तिच्या आईला खोटं पाडायची नाही, म्हणून तोंडच बंद केलं. मी घरात आले आणि रडले. पश्चात्तापाने रडले असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्या बाईने माझा अपराध इतक्या सहज पोटात घातला, या रागाने रडले. मला वाटत होतं त्यांनी भांडावं, मग मलाही भांडता आलं असतं.

त्यानंतर तन्वी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली. उद्धटपणा नाही, रुसवा नाही. हो, नाही, बरं. मी तिच्या खोलीत गेले की ती पुस्तक धरून स्थिर. आवडीचं खायला केलं, ओरडले, बाहेर फिरायला नेलं, कशाचाच उपयोग झाला नाही. तिला कळलंय की नाही, हेच मला कळेना. विचारायची हिंमत नव्हती, आणि न विचारता राहवत नव्हतं, म्हणून बाकी सगळं विचारत होते.

पावसाळ्यात एकदा मी कपडे वाळत घालत होते, काकू पलीकडे तूर निवडत होत्या. डबा नवीन होता, तसाच पत्र्याचा. तो आता त्यांनी जिन्याखालीच पाण्याच्या ताटलीत ठेवायला सुरुवात केली होती, आणि ते बघून मला दर वेळी टोचायचं.

"मॅडम, एक बोलू? राग नोको येऊ देऊ," काकू म्हणाल्या. "तू सारखं बोट लावून राह्यली पोरीले. जराशी सरक. उठते ते आपल्यानं."

"माझ्या मुलीशी कसं वागायचं ते मला शिकवू नका, काकू."

"बरं बाई," त्या हसून म्हणाल्या आणि पुन्हा तूर निवडू लागल्या.

रात्रभर मला ते वाक्य चावत राहिलं. किडा सोंग घेतो ते कुणासमोर, हे मी वर्गात किती वर्षं शिकवतेय! खाणाऱ्यासमोर. भिंतीपलीकडे माझी मुलगी उड्या मारत होती आणि माझ्यासमोर निपचित पडत होती, ती का, हे सांगायला प्राणिशास्त्र लागत नव्हतं. पण कळलं म्हणून वळलं असं झालं नाही. मी डब्याचं खरं सांगायला हवं होतं. दर आठवड्याला ठरवायचे, या रविवारी सांगू. आधी काकूंना, मग तन्वीला. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

फेब्रुवारीत एका सकाळी काकूंच्या सुनेने भिंतीवरून हाक मारली. पहाटे देवाचं म्हणता म्हणता काकू बसल्या जागी कलंडल्या होत्या. मी आणि तन्वी गेलो. काकूंना बैठकीत सतरंजीवर ठेवलं होतं. चष्मा काढलेला, त्यामुळे चेहरा अनोळखी वाटत होता. तन्वी हुंदके देऊन रडली, सुनेच्या गळ्यात पडून रडली. मी कोपऱ्यात बसले होते, आणि माझे डोळे काकूंच्या छातीवरच्या चादरीवर खिळले होते. श्वास थांबला, डॉक्टरांनी सांगितलं, सगळं मला समजत होतं. मी वर्गात शिकवणारी बाई. तरी मी बघत होते. मला एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली होती आणि त्या अशा कशा जातील? बाजूच्या बाईची सावली काकूंवर पडत होती, तर मी तिला जरा सरकायला सांगितलं. ती सरकली. काकू उठल्या नाहीत.

"आई," तन्वीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल आता. नेऊन राह्यले त्यायले."

कित्येक महिन्यांनी तिने आपणहून मला हात लावला होता.

दहाव्या-बाराव्या दिवशी सुनेने जीवांचा डबा तन्वीला आणून दिला. म्हणाली, मला दुकानातून वेळ होत नाही, सासूबाईंचं हे तूच बघ. तन्वीने तो भिंतीवर ठेवला, सकाळची वेळ होती. मी ओट्यापाशी होते, तीच खिडकी. आणि मला एकदम ते सहन होईना. मी हात पुसले, बाहेर गेले आणि डबा उचलून आमच्या जिन्याखाली नेऊन ठेवला. वास्तविक ऊन यायला अजून तीन तास होते. तन्वी पायरीवर बसली होती. मी तिच्यापासून जरा लांब, खालच्या पायरीवर बसले. तिच्याकडे न बघता बोलले.

"त्या रविवारी तुला जऊळक्याला न्यायचं होतं मला. आबांनी एकदा तडस बघितलं होतं, त्याची गोष्ट आहे. ती तू ऐकावीस आणि मग काकूंचे सोंडे तुला फिके वाटावेत, असं माझ्या मनात होतं. तू शिरपूरला गेलीस. मी खिडकीत बसून..."

"मले माहीत हाय," तन्वी म्हणाली.

"तडसाचं?"

"नाही. डब्याचं."

ती पायरीवरचा खडा उचलून इकडून तिकडे ठेवत होती. "आम्ही आलो तवा तू खिडकीतच होती. डबा तुह्या समोर. तुहा डोळा लागला नव्हता."

"काकूंनी सांगितलं?"

"काकू कायले सांगन? मीच गेली होती त्यायच्याकडे, दुसऱ्या दिवशी. म्हटलं, आईनं मुद्दाम केलं, मी इचारतो तिले. तर काकू म्हने, नोको. मधात बोट लावू नोको. आईले उठू दे आपल्यानं."

भाषा सुधारायचं मला सुचलंही नाही. दहा महिने मला वाटत होतं की ही पोरगी माझ्यासमोर पडून आहे. आणि ती, माझी तेरा वर्षांची मुलगी, मागे सरून, सावली काढून, मी कधी हलते ते बघत बसली होती.

"अन् मी उठलीच नसती तं?" मी विचारलं. माझ्या तोंडून ते जऊळक्याचंच निघालं.

"मी बी हेच इचारलं होतं."

"मंग? काय म्हनल्या?"

"तुही आई हाय ना, म्हने. थांब."

मी तोंडाला पदर लावला. तन्वी उठून माझ्या पायरीवर येऊन बसली. माझं रडणं आवरेपर्यंत तिने मला काही म्हणजे काही विचारलं नाही. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. माझ्याविषयी त्या दोघी बोलल्या होत्या, माझ्या पाठीमागे, मला सांभाळून घ्यायचं ठरवून. माझ्या मुलीने माझ्यावर भरवसा ठेवला तोही त्यांच्या शब्दावर. काकूंचा हेवा मला त्या क्षणी जितका वाटला तितका कधीच वाटला नव्हता, आणि आता भांडायला त्या नव्हत्या.

"तडसाचं सांग," थोड्या वेळाने तन्वी म्हणाली.

मी सांगितलं. आबा सांगत तसंच, त्यांच्याच बोलीत. नाला, कुत्री, चावे, धाडकन पडणं, बाहेर आलेली जीभ. थॅनॅटोसिस हा शब्द मध्ये कुठे आला नाही. तन्वी गुडघ्यांभोवती हात घालून ऐकत होती. मी संपवत आणलं, तसा तिचा हात मनगटावरच्या घड्याळाकडे गेला.

"किती वेळ पडलं होतं ते?"

हा प्रश्न काकूंचा होता. मी टाळ्यांची वाट बघत होते आणि माझ्या मुलीच्या तोंडून काकू विचारत होत्या. जीव जळला, नेहमीसारखाच. पण मी त्याचं उत्तर दिलं.

"शेवटचं कुत्रं नाल्याच्या पार जाईस्तोवर," मी म्हणाले.